आधी काढून ठेवलेलं

माळ्यावरचं नाताळच्या झाडाचं खोकं काढ म्हटल्यावर लेक स्टुलावर चढला. खोकं काढलं, फडक्यानं वरची धूळ पुसली, खाली उतरला आणि दरवर्षीसारखं उघडायला न घेता ते तसंच दिवाणावर ठेवलं. "मम्मी, यंदा झाड नको लावूया." मी मेथी निवडत बसले होते. वाटलं, मोडलं असेल. त्या झाडाच्या तिवईचा एक पाय चार वर्षांपासून सुतळीनं बांधलेलाच आहे. "का रे, मोडलं काय?" "मोडलं न्हाई. यिर्मयाचा दहावा अध्याय वाच एकदा," म्हणाला आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. २०२४ च्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. पहाटेच्या गाडीनं तो पुण्याहून आला होता. आवाजात कुठं चढ नव्हता. चिडून बोलला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते, तो रुसला असता, आणि दुपारी ताटावर बसेपर्यंत मिटलंही असतं. पण आजारी माणसाला आपण ज्या आवाजात "बघू उद्या" म्हणतो ना, त्या आवाजात तो बोलला होता. मेथी निवडून झाली तेव्हा लक्षात आलं, देठं आणि पानं मी एकाच सुपात टाकत होते.

अध्याय मला वाचायची गरज नव्हती, तरी चष्मा लावून, बायबल उघडून वाचला. लोक रानातलं झाड तोडतात, कारागीर ते घडवतो, सोन्यारुप्यानं सजवतात, हलू नये म्हणून खिळे ठोकतात. "हलू नये म्हणून" इथं मला हसू आलं, सुतळी आठवली. पुढं संदेष्टा यिर्मया म्हणतो, ते काकडीच्या मळ्यातल्या बुजगावण्यासारखं आहे, बोलत नाही, चालत नाही, उचलून न्यावं लागतं. म्हणजे तो बोलतोय लाकडाच्या मूर्तीबद्दल, आणि तेही येशूच्या जन्माच्या सहाशे वर्षं आधी. जर्मनीतल्या घरांत सजवलेलं झाड दिसायला लागलं ते यिर्मयानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी. तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय मी. हे सगळं बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून सांगता आलं असतं. सांगितलं नाही. कारण त्याला काळाचा घोटाळा कळत नाही असं नाही. त्याला जे म्हणायचं होतं ते यिर्मयाच्या आड उभं होतं. हे आपलं नाही, मूर्तिपूजकांचं आहे, आपण उगाच ओढून घेतलंय.

खोकं पाच दिवस दिवाणावर राहिलं. पाहुणे आले की ते सरकवून बसायचे.

आमच्या लहानपणी प्लास्टिकचं झाड नव्हतं. पप्पा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. ओळखीच्या एका बंगल्याच्या आवारात सुरूची झाडं होती, तिथून नाताळच्या दोन दिवस आधी ते एक फांदी तोडून आणायचे. सायकलच्या कॅरिअरला बांधलेली ती फांदी मागं रस्त्यावर घासत यायची आणि आम्ही पोरं तिच्या मागनं पळायचो. डालड्याच्या मोठ्या डब्यात विटांचे तुकडे आणि ओली वाळू, त्यात फांदी उभी, डब्याला भोवतीनं लाल घोटीव कागद. वर फुगे, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचे तारे, आणि बर्फ म्हणून कापूस. कापूस दवाखान्यातला, निळ्या कागदात गुंडाळलेल्या वळकटीतला. त्याला स्पिरिटचा वास यायचा. आजही कुठं इंजेक्शन घ्यायला गेले आणि दंडावर तो गार बोळा फिरला की मला नाताळ आठवतो, काय करणार. कोल्हापुरात बर्फ पडल्याचं कुणाच्या पणज्यानंही पाहिलेलं नाही. इथल्या डिसेंबरची थंडी म्हणजे पंचगंगेवरचं धुकं आणि वाऱ्याबरोबर येणारा गुऱ्हाळाचा गोड, करपट धूर. त्या धुराच्या वासात आम्ही सुरूच्या फांदीवर दवाखान्याचा कापूस पिंजून चिकटवायचो आणि ते आम्हाला अजिबात विचित्र वाटायचं नाही. तिसऱ्या दिवसापासून सुरूच्या सुया गळायला लागायच्या. मम्मी केरसुणीनं त्या गोळा करता करता पुटपुटायची, पुढच्या वर्षी काही आणू नका.

आज्जी मात्र त्या झाडाकडं बघायची नाही. अक्षरशः पाठ करून बसायची. "ह्ये कुठलं खूळ काढलंयसा? आमच्या येळंला असलं काय नव्हतं." आज्जी कोडोलीकडची. तिचा नाताळ म्हणजे पहाटेची उपासना, नवं लुगडं, टाळांवरची भजनं आणि मंडळीचं एकत्र जेवण. ती कुंकू लावत नसे, दारात रांगोळी काढू देत नसे, जत्रेचा पेढा हातात आला तर परत द्यायची. पप्पांनी एकदा चर्चच्या पायरीवर पोरींकडून रांगोळीचा तारा काढून घेतला, तर ती ओलांडून न जाता मागच्या दारानं आत गेली. आम्ही हसायचो. मोठी झाल्यावर कळलं की तिच्या वडलांना गावच्या देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती. ज्या देवाच्या पायरीशी तुम्हाला उभं राहू दिलं नाही, त्या देवाचा प्रसाद एक दिवस तुम्ही स्वतःहून "नको" म्हणता, त्यात काय मिळत असेल हे मला पुस्तकात सापडलेलं नाही. आज्जीच्या "नको"मध्ये ताठ कणा होता. "ज्यातनं भाईर आलो त्यात परत पाय कशाला घालायचा?" हे ती असं म्हणायची की जणू चिखलातनं आत्ताच वर आलीय आणि पाय धुवायचे राहिलेत.

आणि तरीही माझ्या आठवणीतली सगळ्यात गोड दिवाळी आज्जीमुळंच आहे. शेजारच्या घरात आता माई आहेत, तेव्हा त्यांच्या सासूबाई होत्या, त्यांना सगळी गल्ली थोरल्या आई म्हणायची. आम्ही नवे राहायला आलो त्या दिवाळीत त्या फराळाचं ताट घेऊन आल्या. आज्जी उंबऱ्यावर. तिनं दोन्ही हात जोडले आणि सरळ विचारलं, "द्येवाला दावलंय का ह्ये?" थोरल्या आईंनी हो म्हटलं. "मग न्हाई चालत आमाला. राग मानू नगा." मम्मी आतल्या आत मेली. थोरल्या आई काही न बोलता ताट घेऊन परत गेल्या. पुढच्या वर्षी त्या दिवाळीच्या आदल्याच दिवशी आल्या, हातात पितळी डबा. "ह्यो घ्या. तुमचं आधी काढून ठिवलंय, द्येवाला दावायच्या आधी." आज्जीनं डबा घेतला. त्यानंतर त्या घरातनं जे जे आलं, गौरीची भाकरी-भाजी, पुरणपोळी, श्रावणातली खीर, ते सगळं "आधी काढून ठेवलेलं" होतं. डब्याच्या झाकणाला आतनं बोटभर वाफ असायची. आम्हा पोरांना ते वाक्य पदार्थाच्या नावासारखंच वाटायचं. आज काय आलंय? आधी काढून ठेवलेलं आलंय.

पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत नेमका हाच तंटा होता. मूर्तीला दाखवलेलं मांस बाजारात विकायला यायचं. ते खावं की नाही? प्रेषित पौल त्यांना लिहितो, मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा. पण कुणी तुम्हाला मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका. तुमच्यासाठी नाही, त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी. आमच्या पाळकांनी यावर किती प्रवचनं दिली असतील. थोरल्या आईंनी पौल वाचलेला नव्हता. त्यांना फक्त दारात हात जोडून उभी राहिलेली एक म्हातारी दिसली होती, आणि तिला गोड खायला घालायचं होतं.

त्या पाच दिवसांत मी जुन्या सवयीनं पुस्तकं काढली. लेकानं त्याच्या फोनवरचा एक व्हिडिओ मला पाठवला होता, त्यात नाताळ मुळात मूर्तिपूजकांचाच म्हणून बायबलातला निम्रोद राजा, बाबेल नगर, सूर्यदेव सगळे एका माळेत ओवले होते. त्यातली बरीचशी माळ १८५० च्या दशकात एका स्कॉटिश पाळकानं ओवली, इतिहासकारांनी ती केव्हाच उसवली, पण फोनमध्ये ती नवीकोरी दिसते. सूर्यदेवाचं मात्र अगदीच पोकळ नाही. रोममध्ये डिसेंबरच्या १७ तारखेपासून शनिदेवाचा उत्सव चाले, त्यात मालक गुलामांना वाढत, भेटी देत. सम्राट ऑरेलियननं २७४ साली अजिंक्य सूर्याचं देऊळ बांधलं. आणि ३५४ सालची एक रोमन पंचांगवही आहे, तिच्यात २५ डिसेंबरला "नतालिस इन्विक्टी" लिहिलंय, म्हणजे अजिंक्याचा जन्मदिवस. त्याच वहीच्या दुसऱ्या भागात, त्याच तारखेला, यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला अशीही नोंद आहे, आणि ती ३३६ साली रोममध्ये हा सण पाळत असल्याची खूण मानतात. दोन्ही ओळी एकाच वहीत! कुणी कुणाचं घेतलं यावर अभ्यासकांचं जमत नाही. काही म्हणतात, मंडळीनं सूर्याचा दिवस उचलला. काही म्हणतात, तसं नाही. येशू वधस्तंभावर गेला तो दिवस जुने लोक २५ मार्च धरायचे, तोच त्याच्या गर्भधारणेचाही मानला, त्यात नऊ महिने मिळवले की आला २५ डिसेंबर. मला हा हिशेब फार आवडतो. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईनं बोटांवर केला असता.

पण मी अडखळले ती "नतालिस" या शब्दाशी. आपल्या नाताळातला शब्दच तो. लॅटिनमधनं पोर्तुगीजांकडं, तिथनं गोवा, गोव्यातनं घाट चढून आपल्याकडं. झाड माळ्यावर ठेवता येईल. शब्द कुठं ठेवायचा? आणि चर्चच्या फळ्यावर खडूनं लिहितात ती "रविवारची उपासना"? तो रवी कोण? हे मी लेकाला जेवताना म्हणाले, आणि म्हणताक्षणी जीभ चावली, कारण तो हसला, अगदी पूर्वीसारखा हसला, आणि मग ताटाकडं बघत म्हणाला, "मम्मी, तू जिंकायला बघतीयास. मला जिंकायचं न्हाई. मला फक्त ते झाड बघितलं की प्रार्थना करवत न्हाई." यावर काय बोलणार. मीही तशी जिंकायलाच बघत होते.

खरं तर त्याच्या बाजूनंच जास्त दाखले मिळतात. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन लिहितो की शास्त्रात वाढदिवस साजरा करणारे दोघेच, फारो आणि हेरोद हे राजे, आणि दोघांनीही त्या दिवशी माणूस मारला. इंग्लंडात प्युरिटन या कडक ख्रिस्ती पंथाची सत्ता आली तेव्हा १६४७ मध्ये संसदेनं नाताळच बंद केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सात १६५९ पासून नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड होता, तो कायदा १६८१ मध्ये उठला. स्कॉटलंडातल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांना हा सण इतका परका की १९५८ पर्यंत तिथं त्या दिवशी सुट्टीही नव्हती. आता गंमत बघा. कोल्हापुरात १८५२ साली मिशन सुरू करणारे रॉयल वाइल्डर त्याच मॅसॅच्युसेट्सच्या शेजारचे, न्यू इंग्लंडातल्या व्हरमाँटचे. हे मिशन पुढं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडं गेलं १८७० मध्ये. अमेरिकेत नाताळची सरकारी सुट्टीही त्याच साली जाहीर झाली. म्हणजे ज्यांच्याकडनं आम्ही नाताळ शिकलो असं सगळे समजतात, त्यांच्याच मुलखात दोनशे वर्षांपूर्वी तो पाळला तर दंड बसला असता. आज्जीचं "आमच्या येळंला असलं काय नव्हतं" हे नुसतं म्हातारीचं कुरकुरणं नव्हतं. ती त्या जुन्या, कोरड्या, पांढऱ्या भिंतींच्या धर्मातली शेवटची बाई होती, आणि माझा पुण्याला संगणकापुढं बसणारा लेक, एकही भजन टाळावर न म्हटलेला, नेमका तिच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. आज्जीचा मला अभिमान वाटतो आणि हा माझा जीव घाबरा करतो. दोघांचं "नको" तेच तर आहे.

तेच आहे का पण?

बुधवारी दुपारी टाऊन हॉलकडं गेले. काम सीपीआर या सरकारी दवाखान्यात होतं, औषधाचा कागद घ्यायचा होता; रांग मोठी, म्हणून समोर संग्रहालयात शिरले. शाळेची सहल घेऊन कितीदा आलेय तिथं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली काशाची ती मूर्ती, ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडन, वीतभरही नाही. उघडा, दाढीवाला, हात उचललेला, त्या हातातला त्रिशूळ कधीच हरवलेला. दोन हजार वर्षांपूर्वी कुठल्यातरी व्यापारी गलबतातनं, मग घाटातनं बैलांच्या पाठीवर तो पंचगंगेच्या काठी आला. पोरांना मी दरवेळी विचारायचे, "कोल्हापुरात समुद्र आहे का? मग समुद्रदेव कसा आला?" त्या दिवशी मात्र मी वेगळंच बघत होते. हा खराखुरा मूर्तिपूजकांचा देव, त्या व्हिडिओत म्हणतात तो, रोमचा. त्याच्यापुढं आता कुणी नारळ फोडत नाही. त्याला बघून कुणाचा विश्वास ढळत नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. युरोपातली मंडळी ज्या देवांच्या चालीरीतींवरनं भांडते, ते देव असे मेलेले आहेत, काचेआड. आणि इथनं पंधरा मिनिटं चालत गेलं की महाद्वार, ओटीचे खण, गजरे, आणि नोव्हेंबरात आणि मग जानेवारीच्या अखेरीस किरणोत्सवाला मावळतीचं ऊन अंबाबाईच्या पायांवरनं वर सरकताना श्वास रोखून उभी असलेली माणसं. त्यांच्यात माई असतात. माईंची सून असते. आमच्याकडं "मूर्तिपूजक" म्हणजे कुणी रोमन नाही. आमच्याकडं तो शब्द भिंतीपलीकडं राहतो, आपल्या कुकरच्या शिट्ट्या मोजतो आणि चार शिट्ट्या झाल्या की ओरडून सांगतो.

म्हणून हा शब्द मी तरी फार जपून उच्चारते. लेकाला पुण्यात शेजार नाही, फ्लॅट आहे.

जुन्या कागदांतलं एक पत्र मला सगळ्यात जवळचं वाटतं. सहाव्या-सातव्या शतकाच्या वेशीवर पोप ग्रेगरी इंग्लंडकडं निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला कळवतो, साल ६०१: त्यांची देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती काढा. सणावाराला बैल मारायची त्यांना सवय आहे, ती एकदम तोडू नका. देवळाभोवती झाडांच्या फांद्यांचे मांडव घालू देत आणि तिथंच देवाचे आभार मानून जेवू देत. उंच चढायचं असलं की माणूस पायरी-पायरीनं चढतो, उड्या मारत नाही. ज्योतिबाचा डोंगर चढलेल्या माणसाला हे पटायला पोप लागत नाही. पण फांद्यांचे मांडव! ते वाचताना पप्पांची सायकल दिसली मला. आपल्याकडं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच तर केलं. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-कीर्तन टाकून न देता त्यांतच ख्रिस्त गायला. आमच्या नाताळफेरीत आजही ढोलकी असते. तिला कुणी यिर्मया दाखवत नाही, हे नशीब.

गुरुवारी सकाळी माईंची सात वर्षांची नात आली. दरवर्षी झाडाच्या शेंड्यावरची घंटा तीच बांधते, त्यासाठी मी तिला कडेवर उचलते. यंदा उचलवली नसती तो भाग वेगळा. "आज्जी, झाड कवा लावायचं?" मी खोक्याकडं बघितलं. काय सुचलं कुणास ठाऊक, म्हटलं, "यंदा तुमच्यात लावूया." माई मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट मांडत होत्या. चौरंग, तांदूळ, कलशात पाच झाडांच्या डहाळ्या खोचलेल्या, वर नारळ. त्यांनी खोक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ठेव की. त्यो कोपरा मोकळाच हाय." मी आणि नातीनं मिळून झाड उभं केलं. तिवईचा पाय घसरला, तेव्हा माईंनीच घटाला बांधून उरलेला दोरा आणून दिला. एका खोलीत एका बाजूला आंब्या-फणसाची हिरवी पानं, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची. मला एकदम अपराध्यासारखं वाटलं. लेकाला नको म्हणून काढलेलं मी त्याच्या डोळ्यांसमोरच, खिडकीत, लावून ठेवत होते. आणि वर ते देवघराच्या शेजारी. आज्जीनं बघितलं असतं तर तिनं मला दारातही घेतलं नसतं. लेकानं मात्र संध्याकाळी खिडकीतनं बघितलं आणि म्हणाला, "तिथं बरं दिसतंय." टोमणा होता की नव्हता, अजून ठरवता आलेलं नाही.

तारा त्यानं स्वतःच टांगला. तो शास्त्रात आहे, म्हणून चालतो. होल्डर दिवाळीच्या आकाशकंदिलाचाच, वायर तीच, खिळाही तोच, फक्त कागदी पाकळ्या पाच. बाळ येशूला बघायला त्या ताऱ्यामागं आलेले मागी लोक ज्योतिषी होते, परमुलखातले; शुभवर्तमानात मत्तयानंच लिहून ठेवलंय. हे जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. एका नाताळात किती जिंकायचं?

शनिवारी करंज्या. सारण मी केलं, सुकं खोबरं, खसखस, चारोळी. पण मुरड घालायला माईच लागतात. माझ्या करंजीची कड कातण्यानं कापलेली, नाकासमोर चालणारी. त्यांची मुरड म्हणजे वेणी घातल्यासारखी. ओल्या फडक्याखालची पारी काढायची, सारण भरायचं, दुमडायची, आणि मग अंगठ्यानं कड दाबत, वळत, दाबत, वळत. थोरल्या आईंनी शिकवलेली मुरड. लक्ष्मीपूजनाच्या करंजीलाही हीच असते. दोघींच्या मधल्या परातीतनं लेक येता-जाता गरम करंजी उचलत होता, तोंड भाजून हा-हा करत होता. झाडाबद्दल त्याला पडलेला प्रश्न करंजीबद्दल पडला नव्हता. मी विचारू शकले असते. नाही विचारलं. खरं सांगायचं तर भीती वाटली, उद्या तीही खाणार नाही म्हणाला तर?

नाताळ झाला. पहाटेची उपासना, नवे कपडे, "सलाम, सलाम" करत हात दुखेपर्यंतच्या भेटी, संध्याकाळी वाइल्डर मेमोरियल चर्चची रोषणाई बघायला लोटलेली गल्लोगल्लीची माणसं, पोरांच्या डोक्यावर लाल टोप्या. आमच्या पाळकांनी प्रवचनात गव्हाणीवरच बोलणं ठेवलं. गाई-बैल, शेण, गवताचा वास. झाडाचं नाव काढलं नाही. चर्चच्या कोपऱ्यात ते होतं, आणि लेक त्याच्याकडं पाठ करून बसला होता. आज्जीसारखाच. मान जराशी डावीकडं.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, त्यात एकादशी. संध्याकाळी माईंची नात खिडकीतनं ओरडली, "दादाऽऽ, झाडाच्या लाइटी लागंना झाल्यात!" मी काहीच बोलले नाही. तो वाचत होता ते मिटलं, टेस्टर घेतला आणि गेला. अर्धा तास झाला. भिंतीपलीकडनं हसणं ऐकू येत होतं, मग नातीचा "लागल्याऽ" असा आरडाओरडा. तो परत आला तेव्हा हातात झाकलेली वाटी होती.

"काय दिलंय?"

"साबुदाण्याची खीर. माई म्हणाल्या, तुझं आधी काढून ठेवलंय."

मी माईंना यातलं एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. लेकानंही सांगितलं नसणार. तो ओट्याला टेकून उभ्यानंच खीर खायला लागला, चमच्यानं कडेकडेनं, लहानपणी खायचा तशी. झाकणाला आतनं वाफ धरली होती. खाऊन झाल्यावर वाटी त्यानं विसळली आणि "देऊन येतो" म्हणाला.

"थांब," म्हटलं. रिकामी वाटी कशी पाठवायची. डब्यात शेवटच्या चार करंज्या उरल्या होत्या, त्यातल्या माईंनी मुरड घातलेल्या दोन निवडून मी त्यात ठेवल्या.